अकरा रंगांखालचा नंबर

दोंडाईच्याच्या रमजान मिस्त्रींना कुणी जुनं ट्रॅक्टर बघायला बोलावलं, की ते आधी कुणाशी बोलत नाहीत. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात टेकवतात. बॉनेट कोमट लागलं तर रुमालाला हात पुसतात, जवळच्या झाडाखाली जाऊन बसतात आणि इंजिन पार गार होईपर्यंत उठत नाहीत. चालून गरम झालेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, त्यात कौतुक कसलं? गारठलेलं ते कसं उठतं, हे त्यांना बघायचं असतं. मालक चरफडतो, घड्याळ बघतो, पोह्यांची बशी पुढे करतो. मिस्त्री पोहे खातात, पण जागचे हलत नाहीत.

इंजिन सुरू झालं की ते धुराचा रंग बघतात, तेलाच्या नळकांड्याचं झाकण काढून तिथे बोट धरतात, चाकं हलवून बघतात. मग मागे नांगर जोडायला लावतात. नांगर वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि घरात चहाचं सांगायचं. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत नांगर अधांतरी तसाच राहिला पाहिजे. वीतभर खाली आला, तर उचलणाऱ्या पंपात दम नाही असं समजायचं आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करायचे. साक्रीकडच्या एका पाटलांनी एकदा अंदाज धरून चहा आधीच करून ठेवला होता. मिस्त्रींनी तो आनंदाने घेतला आणि म्हणाले, आता दुसरा टाका.

वय एकसष्ट. वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. रमजानची शाळा सातवीत सुटली आणि स्टेशनाजवळच्या त्याच शेडमध्ये हातात पाना आला. हात चांगला होता, पण नाव झालं ते हातामुळे नव्हे, आकड्यामुळे. जुन्या यंत्राचा विमा उतरवायचा तर त्याची किंमत ठरवावी लागते, आणि पूर्वी ती कुणीही कशीही ठरवत असे. हप्ता कमी बसावा म्हणून कुणी अर्धीच लिही. कुणी उद्याच्या नुकसानीवर डोळा ठेवून दीडपट लिही. मिस्त्री तिसराच आकडा सांगत. तो मालकाला महाग वाटे आणि एजंटाला अडचणीचा. दोघांचीही तोंडं वाकडी झाली की आकडा बरोबर बसला, असं मिस्त्री म्हणत आणि चष्मा पुसत. होता होता विमा कंपनीच्या धुळ्याच्या शाखेलाही हे कळलं. गेली अठरा वर्षं आसपासच्या तालुक्यांतल्या जुन्या यंत्रांची पाहणी शाखा त्यांच्याकडूनच करून घेते. त्यांच्याकडे परवाना नाही, पदवी नाही. त्यांच्याकडे आहे ती एक जाड नोंदवही.

तिची पानं त्यांच्या मुलीने, माहेनूरने आखून दिलेली आहेत. माहेनूर नंदुरबारला शाळेत शिकवते. दर पानावर यंत्राची माहिती, मिस्त्रींचे शेरे, ठरवलेली किंमत आणि खाली उजवीकडे एक चौकोन. लोखंडावर ठोकलेल्या चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे पांढरे उमटतात. ती छाप कापून त्या चौकोनात चिकटवायची. नंबर हाताने लिहिताना चूक होऊ शकते. लोखंडाची छाप चुकत नाही. अठरा वर्षांत अशा चार नोंदवह्या भरल्या. सगळे चौकोन भरलेले होते. एक सोडून.

तो एक चौकोन धुरपदाबाईंच्या ट्रॅक्टरचा.

धुरपदाबाई साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहतात. कोरडवाहू सहा एकर, आणि २०१३ च्या पाडव्याला घेतलेलं ट्रॅक्टर. मालक गेल्यावर शेतीवर भागेना, तेव्हा त्यांनी रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र घेतलं, चालवायला पुतण्या धनसिंगला ठेवलं आणि आसपासच्या पाच गावांची कामं धरली. बाजरी, मका, भात, नागली, सगळ्यांची मळणी त्यांच्या यंत्रावर. बाई स्वतः बांधावर उभ्या राहून तास मोजत. घर त्या ट्रॅक्टरवर चालत होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

विम्याची मुदत मध्यंतरी टळली होती. नवा उतरवायचा तर पाहणी हवी. म्हणून २५ ऑक्टोबर २०२३ ला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिस्त्री दोन बसगाड्या बदलून तिथे पोचले. साक्रीचा एजंट प्रेमराज आधीच येऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

बॉनेट गार लागलं. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. नांगर एक कप झाला तरी हलेना, म्हणून मिस्त्रींनी हौसेने दुसरा कप मागवला. दुसरा झाला तरी नांगर तिथेच. त्यांनी गिअर टाकून, काढून, पुन्हा टाकून बघितला, डोळे मिटून ऐकला. तेलाच्या पावत्या बाईंनी पत्र्याच्या डब्यात लावून ठेवल्या होत्या. अडीचशे तासांना तेल म्हणजे अडीचशे तासांना तेल. मिस्त्रींनी वहीत लिहिलं: गिअरचे दात शाबूत, आवाज नाही. इंजिनचं काम दोन वर्षांपूर्वी, नीट झालेलं. मागचे टायर बारा आणे. किंमत चार लाख दहा हजार.

प्रेमराज दोन लाखांवर अडून बसला होता. दहा वर्षांचं यंत्र, म्हातारं झालं, उगाच बाईंना हप्त्याचा भुर्दंड कशाला, असं त्याचं म्हणणं. त्यात मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं: ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या शेतात भाड्याने चालतं, हे पॉलिसीत स्पष्ट लिहा, नाहीतर उद्या दावा अडेल. त्याने हप्ता आणखी चढला.

धुरपदाबाईंनी पदर खोचला. "रमजानभाऊ, तुम्हले कंपनी पगार देस का काय?"

"अक्का, कमी लिखा तर हप्ता कमी व्हई," मिस्त्री म्हणाले. "पन ट्रॅक्टर गयं तर हातमा बी तितलंच ई."

बाईंनी पत्र्याचा डबा पुढे ओढला. मग डब्यातून पैसे काढताना पुटपुटल्या, की या माणसाला चहासुद्धा दोन कप पाजला आणि तरी ऐकलं नाही.

इथवर सगळं नेहमीसारखं झालं. छाप घ्यायची तेवढी राहिली, आणि इथे मिस्त्रींचा हात थांबला.

धुरपदाबाईंच्या घरचा रिवाज असा, की खंडेनवमीला अवजारं पुजायची तर ती रंगवूनच पुजायची. त्या दिवशी ऑइलपेंटचा एकच डबा येतो. त्यातून आधी घराचं दार रंगतं आणि उरलेला रंग ट्रॅक्टरच्या खालच्या सगळ्या लोखंडाला जातो. दाराला जो रंग, तोच ट्रॅक्टरला. बाई स्वतः ब्रश घेऊन बसतात आणि एक इंचही सुटू देत नाहीत. नंबर जिथे ठोकलेला होता, तिथे त्या वर्षीचा तांबडा रंग अजून बोटाला चिकटत होता. त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं होती आणि वरून झेंडूचं फूल टेकवलं होतं. नंबर वाचायचा तर ते सगळं खरडावं लागणार. मिस्त्री खिशातली पट्टी हातात घेऊन वाकले, तसेच राहिले. पूजा होऊन दोन दिवस झालेले, आणि आपण तिच्यावर पट्टी चालवायची? त्यांनी पट्टी खिशात घातली, आरसी पुस्तकावरून नंबर उतरवून घेतला आणि मनाशी ठरवलं, की महिन्याभरात येऊन छाप घेऊ. तो महिना आलाच नाही. कामं निघत गेली.

२० मे २०२४, सोमवार. धनसिंगने ट्रॅक्टर चढावर उभं केलं, ब्रेक लावला, चाकाला दगड लावला आणि पाणी प्यायला गेला. दगड निसटला. ट्रॅक्टर उलटं घरंगळत गेलं आणि खालच्या नाल्यात खडकावर आदळून मधोमध तुटलं. इंजिन एकीकडे, मागचं धूड दुसरीकडे. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. क्रेनने दोन्ही तुकडे बाईंच्या अंगणात आणून टाकले. बाई त्यांच्याकडे बघत ओट्यावर बसून राहिल्या. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता आणि पाच गावांची नांगरट त्यांच्या नावावर बोलून ठेवलेली होती.

कंपनीने नुकसानीच्या पाहणीला मेघा सोनवणे या सर्वेअर बाईंना पाठवायचं ठरवलं. वय तिशीच्या आतबाहेर, यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या, परवानाधारक. त्यांची ख्याती अशी, की त्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी एक प्रकरण उघडं पाडलं होतं: भंगारातलं ट्रॅक्टर आणून त्यावर विमा असलेल्या ट्रॅक्टरचा नंबर ठोकलेला, आणि चांगलं ट्रॅक्टर भलतीकडे विकलेलं. आता त्यांच्यापुढे अकरा वर्षांचं यंत्र आलं होतं, चार लाख दहा हजारांचं, आणि पाहणीच्या कागदात चेसिस नंबराची छाप नव्हती. त्यांनी निरोप धाडला: शुक्रवारी येते, मिस्त्रींना मूळ नोंदवही घेऊन हजर ठेवा.

शुक्रवारी मिस्त्री सकाळी साडेआठलाच पोचले. प्रेमराज फाटकातच उभा होता, घामाने भिजलेला. त्याने त्यांना बाजूला घेतलं. मॅडमची गाडी अकराला यायची होती. अडीच तास हातात होते. रंग आता वाळलेला, पूजेला सात महिने झालेले. पट्टी घ्या, खरडा, पेन्सिल घासा आणि चौकोनात चिकटवून टाका, म्हणाला. कोण बघतंय?

"नंबर खरा आहे ना, भाऊ? मग छापही खरीच उमटेल."

मिस्त्री त्या तांबड्या लोखंडाकडे बघत राहिले. मोह झाला नाही असं नाही. अठरा वर्षांचं नाव एका रिकाम्या चौकोनात अडकलं होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे ओट्यावर बसलेली ती बाई. आपल्या शब्दावर तिने हप्ता भरला होता. तिचा दावा बुडाला तर तो आपल्या आळसापायी बुडणार. दहा मिनिटांचं काम होतं.

"नंबर खरा आहे," ते म्हणाले. "तारीख खोटी होईल."

प्रेमराजने कपाळावर हात मारला. म्हणाला, तुमच्या खरेपणापायी अक्का मरतील. मिस्त्री ओट्याशी गेले, धुरपदाबाईंच्या पुढ्यात खाली बसले आणि आपण छाप का घेतली नव्हती, ते त्यांना आधी सांगितलं. मॅडमना कळायच्या आत बाईंना कळलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, की त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी स्वतः खरडून दिलं नसतं का? लोखंड माझं, देव माझा. त्या सकाळी मिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

अकराला मेघाताई आल्या. त्यांनी पाणीही घेतलं नाही. नोंदवही मागितली, पान काढलं आणि चौकोनावर बोट ठेवलं.

"रमजानभाई, छाप?"

"घेतली नाही, मॅडम. रंग ओला होता, त्यावर पूजा होती, माझा हात रेटला नाही. नंबर पुस्तकावरून उतरवला. चूक माझी आहे, अक्कांची नाही. तुमच्या कागदात तसंच लिहा."

मेघाताईंनी वही बाजूला ठेवली. मग त्या वाकल्या, टॉर्च लावून रंगाचा तो भाग सगळ्या बाजूंनी न्याहाळला, फोटो काढले आणि म्हणाल्या, आता माझ्यासमोर काढा. पट्टीने नको, सावकाश.

मिस्त्रींनी पिशवीतून पॉलिश कागद काढला, पाण्यात भिजवला आणि नंबराच्या जागी गोल गोल घासायला सुरुवात केली. हात हलका होता. तांबडा विरळ झाला आणि त्याच्या मधोमध पैशाएवढा हिरवा दिसू लागला. हिरव्याच्या आत पिवळा. एकात एक कडी उमटत गेली.

धुरपदाबाई ओट्यावरून उठून कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली. हिरवा तांबड्याच्या आधीच्या सालचा. पिवळा त्याच्या आधीचा, धनसिंगच्या लग्नाचा. त्याखाली राखाडी असेल, करोनात दुकानात दुसरा मिळेना म्हणून. राखाडी निघाला. मग निळा, मग पुन्हा निळा, कारण त्या वर्षी डबा अर्धा उरला होता. मेघाताई एकेक कडी बोटाने मोजत होत्या. मध्येच उठून त्या घराच्या दाराशी गेल्या आणि परवानगी घेऊन चौकटीचा एक कोपरा स्वतः घासला. तिथेही तांबड्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली राखाडी, मग निळा.

अकरावी कडी गुलाबी निघाली आणि तिच्या आत कंपनीचा मूळ रंग. त्यावर आकडे होते, काठोकाठ रंग भरलेले. मिस्त्रींनी फडकं फिरवलं, कागद ठेवला, पेन्सिल घासली. मेघाताईंनी आरसी पुस्तक शेजारी धरलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर जुळला.

"नंबर जुळला म्हणून मी हे मानत नाही," मेघाताई म्हणाल्या. "नंबर ठोकता येतो. पण नवा ठोकला असता तर वरचे थर फुटले असते. अकरा वर्षांत या जागेला कुणी हात लावलेला नाही, ते हा रंग सांगतोय. आज सकाळी कुणी हे खरडून ठेवलं असतं, तर मला हा दावा बाजूला काढावा लागला असता."

प्रेमराज आपल्या बुटांकडे बघत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते त्याला फार झालं असतं.

राहिली किंमत. मेघाताईंनी पान पुन्हा वाचलं. दोन कप चहा, असं शेऱ्यात लिहिलेलं बघून त्यांनी भुवई उंचावली. मिस्त्रींनी समजावून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदाच त्या हसल्या. मग त्या तुटलेल्या धुडाकडे गेल्या. ट्रॅक्टर फुटलं होतं ते नेमकं अशा ठिकाणी, की गिअरपेटीचं पोट उघडं पडलं होतं. एरवी जे कुणाला दिसत नाही, ते उन्हात पडलेलं होतं. मेघाताईंनी हातमोजा चढवला, आतलं तेल पुसलं आणि एकेक दात टॉर्चच्या उजेडात बघितला. कडा धारदार, एकही झिजलेला नाही. इंजिनचं डोकं फुटलं होतं, तिथून आत बघितलं, सिलिंडरचं अस्तर म्हणजे लायनर स्वच्छ. त्यांनी वहीतला शेरा मोठ्याने वाचला: गिअरचे दात शाबूत, आवाज नाही.

"हे तुम्ही न उघडता लिहिलंत?"

"कान आहेत, मॅडम."

मेघाताईंनी आपल्या कागदावर लिहिलं, की ठरवलेली किंमत वाजवी आहे आणि पाहणी करणाऱ्याने यंत्राची अवस्था अचूक नोंदवली आहे. छाप घेतली नव्हती, हेही त्याच ओळीखाली लिहिलं. मिस्त्रींनी दोन्ही ओळी वाचल्या आणि खाली सही केली. नव्याने घेतलेली छाप मात्र त्यांनी त्या चौकोनात चिकटवली नाही. ती मेघाताईंच्या कागदांबरोबर गेली. वहीतला चौकोन त्यांनी रिकामाच ठेवला. माहेनूर सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, अब्बा, दुसरी छाप आणून आजची तारीख घालून चिकटवून टाका, पान कसं बोडकं दिसतंय. ते म्हणाले, दिसू दे. नव्या ठिकाणी पाहणीला गेले की ते अजूनही कधी कधी ते पान उघडून बघतात आणि मग छाप आधी घेतात, चहा नंतर.

जुलैत नियमाची वजावट जाऊन पूर्ण रक्कम आली. दोन लाखांची पॉलिसी असती तर त्यात चांगलं ट्रॅक्टर आलं नसतं, हे गावाने आपणहून हिशेब करून एकमेकांना सांगितलं. नांगरटीचा हंगाम बाईंचा हुकला, तेवढं नुकसान झालंच. पण मळणीच्या आधी त्यांच्या दारात पाच वर्षं वापरलेलं दुसरं ट्रॅक्टर उभं राहिलं. ते घेताना बाईंनी विकणाऱ्याला सांगितलं होतं, की दोंडाईच्याचा माणूस बघून गेल्याशिवाय मी विसार देणार नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला दार आकाशी रंगलं आणि ट्रॅक्टरही. फक्त नंबराच्या जागी तळहाताएवढा चौकोन बाईंनी कोरा सोडला, त्याच्या चारी बाजूंनी रेघ ओढावी तसा ब्रश फिरवला आणि हळदकुंकवाची पाच बोटं त्या चौकोनाच्या शेजारी उठवली, वर नाही. शेजारच्या दोन घरांनी ते बघून आपापल्या यंत्रावर तसंच केलं. त्याला ते मिस्त्रीची खिडकी म्हणतात. मिस्त्रींना हे सांगितलं की ते विषय बदलतात, पण आधी एकदा नीट ऐकून घेतात.

दसरा झाल्यावर ते विम्याच्या पाहणीला गेले. धुरपदाबाईंनी ओटा सारवून ठेवला होता, पातेलं चुलीवर होतं, नांगर जोडून तयार होता. प्रेमराज आला होता आणि या वेळी आकड्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मिस्त्रींनी खिडकीतून नंबराची छाप घेतली, वहीत चिकटवली. मग जाऊन बॉनेटवर तळहात टेकवला.

कोमट होतं. सकाळीच धनसिंगने ते फिरवून आणलं होतं.

मिस्त्रींनी रुमालाला हात पुसला आणि ते कडुनिंबाखाली जाऊन बसले. बाई पातेल्यावरून उठून बाहेर आल्या.

"आते तरी भरोसा ठेवा, भाऊ."

"भरोसा तुमनावर शे, अक्का," मिस्त्री म्हणाले. "इंजिनवर नही."

बाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्याही कडुनिंबाखाली येऊन बसल्या, इंजिन गार होईपर्यंत.